बंब अंगणात, पण निखारे कुठे?

दिवाळी सरली की आमच्या भागात थंडी अंगावर येते. निफाडचा पारा किती खाली गेला, ही बातमी आपण सकाळी चहाबरोबर वाचता. मला ती दवाखान्यातल्या बाकावरच कळते. लहान मुलांची भरलेली छाती, म्हाताऱ्या माणसांचे धरलेले सांधे, पहाटेचा कोरडा खोकला, असे रुग्ण तर येतातच. पण थंडीत आणखी एक प्रकारचा रुग्ण येतो. "उठल्यापासून डोके ठणकते, मळमळते, पायांत त्राण नाही," असे तो सांगतो. त्याला ताप नसतो, पोट बिघडलेले नसते. दुपारी उन्हात बसले की बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. अशा रुग्णाला मी आता पहिला प्रश्न विचारतो, "रात्री खोलीत निखारे ठेवले होते का?"

हा प्रश्न विचारायला मी एका चुकीतून शिकलो. ती चूक आज सांगतो.

१९९६ च्या डिसेंबरातली गोष्ट. नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सकाळी दवाखान्यात आले. डोकेदुखी आणि मळमळ. मी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. पित्त समजून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मी गोळ्या बदलल्या आणि रात्री जागरण करू नका म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा धावत आला. "बाबा दार उघडत नाहीत." आम्ही दार ढकलून आत गेलो, तेव्हा सारे संपलेले होते. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या आणि पलंगाशेजारी राखेने भरलेले घमेले होते.

त्या घरातला पाणी तापवायचा बंब अंगणात होता. वडिलांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून मुलाने तो मुद्दाम बाहेर बसवला होता. संध्याकाळी बंब पेटे. तो विझत आला की जाळीतले लाल निखारे घमेल्यात घेऊन वडील आपल्या खोलीत नेत. धूर नाही, वास नाही, ऊब मात्र छान. शवविच्छेदनात कारण कळले. मी दोन दिवस त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पण ते झोपतात कसे, हे एकदाही विचारले नाही.

म्हणून यंदाची थंडी भरात येण्याआधी या विषयावर सविस्तर लिहितो.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

आपल्या सगळ्यांचा समज असा, की धूर वाईट आणि निखारा निर्धोक. धुराने डोळे झोंबतात, खोकला येतो, म्हणून आपण धुरापासून लांब पळतो. निखारा कुणाला खोकायला लावत नाही. नेमका तिथेच घात होतो.

लाकूड किंवा कोळसा पुरेशा हवेत भडकून जळला की त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली, किंवा निखाऱ्यांचा ढीग दाट असला, की जळणे अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. रसरशीत निखाऱ्यांवर निळसर ज्योती नाचताना आपण पाहिल्या असतील. तो हाच वायू जळत असतो. निखाऱ्यांवर राख चढते, ज्योत मावळते आणि आपण म्हणतो, आता शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही. पण ज्योत गेली म्हणजे वायू निघायचा थांबला असे नव्हे. आता तो न जळता तसाच खोलीत पसरू लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो जवळजवळ हवेइतकाच जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत बसून राहत नाही की छताला जाऊन थांबत नाही. साऱ्या खोलीत मिसळतो. उंच पलंगावर झोपले म्हणून कोणी वाचत नाही. शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली की विषारी वायू पाण्यात उतरतो, असे पुष्कळ जण सांगतात. तेही खरे नाही. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही.

आता शरीरात काय होते ते पाहू. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे तांबडे द्रव्य असते. फुप्फुसातला प्राणवायू पाठीवर घेऊन तो सर्व अवयवांना पोचवणे हे त्याचे काम. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एस.टी.त सर्व आसनांवर आधीच रुमाल टाकलेले असावेत आणि खऱ्या उतारूला उभे राहायलाही जागा मिळू नये, तशी प्राणवायूची गत होते. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे रहस्य उलगडले. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ साली हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. खाणीत छोटे पक्षी न्यावेत, ते माणसाआधी कोसळतात आणि धोका कळतो, ही सूचना त्यांचीच. आपल्या झोपायच्या खोलीत असा पक्षी नसतो. शिवाय झोपलेल्या माणसाला डोकेदुखीही कळत नाही. तो झोपेतून थेट बेशुद्धीत जातो.

हे फक्त गरिबाघरी घडते असे समजू नका. एमिल झोला या विख्यात फ्रेंच कादंबरीकाराचा १९०२ साली पॅरिसमध्ये राहत्या घरी याच वायूने अंत झाला. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे सहलीला गेलेले केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत दगावले. तिथे शेगडी नव्हती, गॅसवर चालणारा हीटर होता. न्हाणीघरातला गॅसचा गीझर, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार, घरात लावलेला जनरेटर, सगळीकडे मारेकरी एकच.

बंब कुठे बसवावा?

सिलिंडर महाग, विजेचा भरवसा नाही, आणि शेतात जळण मुबलक. द्राक्षांच्या छाटणीच्या काड्या, बाभळीच्या ढलप्या, करवंट्या, तुराट्या असे काहीही बंबात चालते. त्यामुळे बंब वापरूच नका, असे मी म्हणणार नाही. बंब ही चांगली वस्तू आहे. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी अशी रचना असल्याने थोड्या जळणात पुष्कळ पाणी तापते. मात्र तो बसवताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, तो उघड्यावरच हवा. न्हाणीघरात, जिन्याखाली, तीन बाजू बंद असलेल्या पडवीत नको. पाऊसपाण्यासाठी वर पत्रा घातला, तर तो उंच असावा आणि बाजू मोकळ्या असाव्यात.

दुसरी, दारे-खिडक्यांपासून निदान दहा-बारा फूट अंतर ठेवावे. केवळ अंतर पुरत नाही, वाराही पाहावा. दोन-तीन दिवस पहाटे अंगणात काडीकचरा पेटवून धूर कुठे जातो ते बघा. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे धूर वर न जाता आडवा पसरतो. तो आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत शिरत असेल, तर जागा बदलावी.

तिसरी, बंबाखाली फरशी किंवा विटांचा सपाट थर असावा. तिन्ही पाय नीट टेकले पाहिजेत. भरलेला बंब कलंडला तर उकळते पाणी आणि विस्तव एकदमच अंगावर येतात. कडब्याची गंजी, गोणपाटे, फवारणीची औषधे आणि रॉकेलचा डबा जवळपास नको.

चौथी, धुराडे असेल तर ते पन्हाळीच्या वर निघालेले असावे आणि हंगामाच्या सुरुवातीला काजळी काढून साफ करावे.

अंगणातल्या विस्तवाची ही युक्ती केवळ आपलीच नाही. अमेरिकेच्या थंड भागात घराबाहेर खोपटाएवढी लाकडाची भट्टी बसवतात. तिच्याभोवतीचे पाणी तापते, जमिनीखालच्या नळांतून घरात फिरते आणि खोल्या उबदार ठेवते. विस्तव बाहेर म्हणून घरातले लोक निर्धास्त. पण धुराडे बुटके, लाकूड ओले आणि हवेचे दार बंद करून रात्रभर धुमसत ठेवलेला विस्तव, यांमुळे धूर शेजाऱ्यांच्या घरांत शिरू लागला आणि तक्रारी वाढल्या. शेवटी २०१५ साली तिथल्या केंद्र सरकारला नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घालाव्या लागल्या. विस्तव घराबाहेर नेला की काम संपले, असे नसते. तो कसा जळतो हेही पाहावे लागते.

बंब कसा पेटवावा?

आधी पाणी, मग काडी. हा क्रम कधीही उलटा करू नये. रिकामा बंब तापला की त्याचे सांधे सुटतात, आणि तापलेल्या कोरड्या बंबात गार पाणी ओतले तर वाफेचा भपका तोंडावर येतो. पाणी ओतायचे तोंड घट्ट बंद करू नये. वाफेला वाट हवी.

जळण वाळलेले असावे. पावसाळ्याआधी तोडून आडोशाला रचून ठेवलेले लाकूड थंडीत चांगले जळते. ओल्या लाकडाची बरीच शक्ती स्वतःलाच वाळवण्यात जाते आणि धूरही फार होतो. जळण अंगठ्याएवढे बारीक करावे, थोडे थोडे घालावे. नळी ठासून भरू नये. खालच्या जाळीतली राख रोज काढावी, कारण हवा तिथूनच आत येते.

धुराचा रंग पाहायची सवय लावा. दाट पांढरा धूर म्हणजे जळण ओले किंवा हवा कमी. काळा धूर म्हणजे भलतेच काहीतरी जळते आहे. वर हवा नुसती थरथरताना दिसली आणि धूर जेमतेम दिसला, तर बंब नीट चालला आहे.

प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरी चपला, टायरचे तुकडे, रंग दिलेली लाकडे आणि औषधांचे रिकामे डबे बंबात घालू नका. त्यांच्या धुरात दीर्घकाळ अपाय करणारी विषे असतात. विस्तव मंदावला म्हणून वरून रॉकेल ओतणे हा तर भाजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग. साध्या लाकडाच्या धुरालाही कमी लेखू नका. घरातल्या चुलीच्या आणि इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

बादलीत आधी गार पाणी घ्या आणि मग बंबाचे पाणी सोडा. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते. कढत पाण्याची बादली मोरीत ठेवून दुसरे काम करायला जाऊ नये. रांगते मूल कुठे पोचेल, याचा नेम नसतो.

बाळंतिणीची खोली

आता सर्वांत नाजूक विषय. जानेवारी २०२२ मध्ये एका वस्तीवरून मला सकाळी बोलावणे आले. बारा दिवसांची बाळंतीण उलट्या करीत होती, डोके धरून बसली होती. बाळ मलूल होते, दूध ओढत नव्हते. घरच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोरीला वारं लागलंय. रात्री खिडकी थोडी उघडी राहिली व्हती. आता गोणपाट लावून पक्की बंद केलीय."

कोरोनाच्या साथीत त्यांनी ऑक्सिमीटर घेतला होता. मुलाने तो बोटाला लावून दाखवला. आकडा ९८. "प्राणवायू तर उत्तम आहे ना, डॉक्टर?" मी खाली वाकून पाहिले. बाजेखाली शेकासाठी निखाऱ्यांचे घमेले होते आणि त्यावर ओवा-शेपाची धुरी घातलेली होती. आजींना मी विचारले, "तुम्हाला कसे वाटते?" त्या म्हणाल्या, "माझंबी डोकं सकाळपास्नं जड हाय. पण बाहेर बंबापाशी गेले की बरं वाटतं."

मला एवढे पुरे होते. दार उघडले, गोणपाट ओढून काढले, घमेले बाहेर ठेवायला लावले, मायलेकरांना पडवीत आणले आणि रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात दोघांना कित्येक तास प्राणवायू दिला. दोघेही वाचली. ते बाळ आता धावते-बोलते.

त्या ऑक्सिमीटरविषयी दोन शब्द सांगतो. हे यंत्र रक्ताचा रंग पाहून आकडा देते. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या विषारी वायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. त्यामुळे रुग्ण गुदमरत असतानाही ते ९८ दाखवू शकते. अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. रक्ताची वेगळी तपासणी असते, तिच्यातच खरे कळते.

आजींचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. बाळंतिणीला आणि बाळाला ऊब हवीच. नवजात बाळ, त्यातही कमी वजनाचे, फार लवकर गार पडते. शेक देण्यामागचा विचार बरोबर आहे. चूक आहे ती बंद खोलीतल्या विस्तवाची. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन तर हा वायू अधिकच धरून ठेवते, म्हणून गरोदर बाईनेही निखाऱ्यांच्या खोलीत बसू नये.

मग ऊब द्यायची कशी? बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दुलई घ्यावी. याहून चांगली शेगडी जगात नाही. टोपडे, मोजे, सुती कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून आईच्या कमरेला, पाठीला शेकावे; बाळाच्या अंगाला ती लावू नये. जन्मल्यानंतर पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निखाऱ्यांचाच शेक हवा असेल, तर दिवसा, ओट्यावर, मोकळ्या हवेत घ्यावा. धुरी बाळाच्या फुप्फुसांना झेपत नाही. ती टाळावी.

हे लक्षात ठेवा

१. विस्तव जिथे पेटला तिथेच विझू द्यावा. बंबातले निखारे घरात आणू नयेत.

२. शेकोटी बाहेर शेकावी, अंग ऊबदार झाले की आत येऊन पांघरुणात शिरावे. झोपायच्या खोलीत शेगडी, घमेले, गॅसचा हीटर काहीही नको.

३. थंडीतही खिडकीची एक फट उघडी असावी. मात्र फट उघडी आहे म्हणून शेगडी चालेल, असा अर्थ काढू नये.

४. काढलेल्या राखेत निखारे कित्येक तास जिवंत राहतात. राख पाणी मारून किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून बाहेरच ठेवावी.

५. एकाच घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच सकाळी दुखले, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ते पित्त नव्हे. डॉक्टरांना 'शेगडी' हा शब्द आवर्जून सांगा.

असे घडलेच तर

दारे-खिडक्या सताड उघडा. रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणा, बाकी सारे नंतर. आत जाणाऱ्याने श्वास रोखून झटपट बाहेर यावे. वाचवायला गेलेला माणूसही आत कोसळतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू, दूध काही घालू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याचे शिक्षण घेतलेला कोणी जवळ असेल, तर त्याने लगेच सुरुवात करावी.

नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तास-दीड तासात होते. म्हणून 'आता बरे वाटते' म्हणून घरी थांबू नये, रुग्णालयात जावे. काही रुग्णांत बरे झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे अशी लक्षणे उमटतात. तसे दिसले तर पुन्हा दाखवावे.

आज रात्री हे वर्तमानपत्र घडी घालून ठेवण्याआधी एक काम करा. घरातली वडीलधारी माणसे कोणत्या खोलीत झोपतात, तिथे एकदा डोकावून या. पलंगाखाली, बाजेखाली वाकून पाहा. घमेले दिसले तर रागावू नका. त्यांना थंडी वाजते, एवढाच त्याचा अर्थ. ते घमेले उचलून अंगणात बंबाशेजारी ठेवा आणि त्यांच्या अंगावर आणखी एक वाकळ घाला. १९९६ साली मी ज्यांना पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्यांना एका वाकळेची गरज होती.